नाईक गायकवाडचा फर्स्ट क्लास गुडघा

"सांगा की त्यांना! रात्री कूस बदलताना एवढ्या मोठ्यानं कण्हता की समोरच्या बिल्डिंगीतले कुत्रे उठतात, ते सांगा! इथं आल्यावर तोंडात काय सिमेंट भरलंय?"

कमलवहिनी माझ्या टेबलासमोर उभ्या राहून ओरडत होत्या. हे टेबल बदलापूर पूर्वेला एका झेरॉक्सच्या दुकानात मागच्या बाजूला आहे. मी सैन्यात क्लार्क होतो, सुभेदार म्हणून रिटायर झालो. आता माजी सैनिकांचे पेन्शनचे कागद करून देतो. बढाई मारत नाही, पण माझ्या हातून गेलेला अर्ज परत आला तर टपाल खातं आठवडाभर कुणाला तोंड दाखवत नाही.

वहिनी ज्यांच्यावर ओरडत होत्या ते त्यांचे यजमान, नाईक नामदेव गायकवाड. राहणार चिखलोली, हल्ली अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या गेटवर वॉचमन. गायकवाड सावधान उभा होता. मी त्याला बसायला सांगून दमलो होतो.

"गायकवाड, गुडघा कसा आहे?"

"फर्स्ट क्लास, साहेब."

वहिनींनी कपाळावर हात मारला. झेरॉक्सवाल्याचं म्हणणं, त्या आवाजानं मशीनमधले दोन कागद अडकले.

आता दुखणं काय ते सांगतो. बर्फातल्या एका चौकीवर गायकवाड पाठीवर सामान घेऊन उतरताना घसरला. उजव्या गुडघ्याची आतली दोरी, म्हणजे लिगामेंट, गेली. पट्ट्यानं गुडघा आवळून गडी उरलेला डोंगर चालत उतरला. इस्पितळात नोंद झाली. इजा नोकरीतच झाली, यावर कुणाचाही वाद नव्हता. वाद होता टक्क्यांचा. रिटायर होताना मेडिकल बोर्ड बसतं, म्हणजे डॉक्टरांचं मंडळ. अपंगत्व किती टक्के, ते हे मंडळ ठरवतं. ठरावीक टक्क्यांच्या खाली गेलात की डिसॅबिलिटी पेन्शनचा कागद तिथंच आडवा होतो. गायकवाडला बोर्डानं विचारलं, काही तकलीफ? हा म्हणाला, नाही सर. झालं. टक्के खाली, कागद आडवा.

ही चूक फक्त फौजीच करू शकतो. सिव्हिलियन माणसाला डॉक्टर दिसला की नसलेलं दुखणंही आठवतं. फौजीला अधिकारी दिसला की असलेलंही विसरतं. भरतीच्या पहिल्या दिवसापासून एकच शिकवलेलं असतं, वर सांगायचं ते 'ठीक आहे' एवढंच. बाकी सगळं खाली.

आणि कंपनीच्या गेटवर स्टूल नव्हतं. असतं तरी हा बसला नसता. आठ तास उभा. वहिनींचं म्हणणं साधं होतं, पेन्शन मंजूर झाली की ही ड्युटी बंद. नाहीतर गुडघा एक दिवस गेटवरच राहील आणि बाकीचा माणूस घरी येईल.

मी अपील टाकलं. यथावकाश अपिलाच्या बोर्डाचं बोलावणं आलं. आणि गायकवाडला खरं बोलायचं ट्रेनिंग देण्याची कामगिरी माझ्यावर पडली.

पहिल्या दिवशी मी डॉक्टर झालो. "कैसे हो, जवान?" असं विचारलं. त्यानं टाच अशी आपटली की दुकानातली फरशी तडकली, आणि 'फर्स्ट क्लास' म्हणाला. फरशी माझ्या खात्यावर लागली. मग विचार केला, माझ्यात त्याला सुभेदार दिसतोय. दुसऱ्या दिवशी लुंगी-बनियनवर बसलो. त्यानं बनियनला सॅल्यूट केला.

शेवटी वहिनींना डॉक्टरच्या खुर्चीत बसवलं. काय सांगू! गायकवाडची गुडघ्यापासून सुरुवात झाली, ती जिना, गादी, पंख्याचा आवाज करत आमटीतल्या मिठापर्यंत गेली. गडी थांबेना. झेरॉक्सवाल्यानं दोनदा चहा मागवला. मी खूश झालो. म्हणालो, बोर्डासमोर डॉक्टरच्या जागी वहिनी बसल्यात असं समज. नाटक करायचं नाही, आहे तेवढंच बोलायचं.

"समजलो, साहेब."

मग काठी घ्यायला उल्हासनगरला गेलो. सर्जिकल सामानाचा दुकानदार सिंधी, माझा जुना दोस्त. बोर्ड म्हटल्यावर त्यानं सरळ व्हीलचेअर बाहेर काढली. "ले जाओ साईं. इसको देखके अच्छे-अच्छे डॉक्टर का दिल पिघलता है. काम होने के बाद वापस ले लूँगा, आधे में." मी हात जोडले. सोंग बोर्डाला दारातच ओळखू येतं, आणि मग खरं दुखणंही खोटं ठरतं. आम्ही साधी काठी घेतली. टेकून चालायला. गायकवाडनं ती काखेत आडवी धरली, परेडवर सुभेदार मेजर छडी धरतात तशी, आणि छाती काढून दुकानाबाहेर पडला. दुकानदार बराच वेळ बघत राहिला. "साईं," मला हळूच म्हणाला, "इसको पेन्शन नहीं, प्रमोशन मिलेगा."

बोर्डाच्या दिवशी भाच्याची गाडी काढली. शिळफाट्याला ट्रॅफिक असं की आमच्या शेजारच्या टेम्पोतली केळी डोळ्यांदेखत पिकली. गायकवाड मागच्या सीटवर पाय लांब करून बसला होता, चेहरा पांढरा. वहिनी गुडघ्याला मलम चोळत होत्या आणि तो त्यांना बारीक आवाजात कुठं कुठं दुखतं ते सांगत होता. मला वाटलं, आज जमणार.

मिलिटरी इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये बोर्डाचे अध्यक्ष असलेले कर्नल साहेब समोरून आले. गायकवाड बाकावरून स्प्रिंगसारखा उठला. टाच आपटली, काठी काखेत. वहिनींनी डोळे मिटले.

त्याला आत बोलावलं. आम्ही बाहेर. आतलं ऐकू कसं आलं म्हणाल, तर गायकवाडचा परेडचा आवाज भिंतीला विचारून जात नाही, आणि कर्नल साहेबांचाही काही कमी नव्हता.

"कैसे हो?"

"फर्स्ट क्लास, सर!"

"घुटने में कोई तकलीफ?"

"नहीं, सर!"

मी मनातल्या मनात दुसऱ्या अपिलाचा मसुदा सुरू केला. आत कर्नल साहेब म्हणाले, जितकं जमेल तितकंच खाली बसून दाखव. फौजीला 'जितकं जमेल' कळत नाही. हा पूर्ण बसला. गुडघ्याचा असा आवाज झाला की बाहेर पहाऱ्यावर असलेल्या संत्र्यानं पोझिशन घेतली. माझा शब्द नाही, वहिनींना विचारा.

"दर्द हुआ?"

"नहीं, सर."

"ठीक है. उठो."

काठी फरशीवर टेकल्याचा आवाज आला. मग घसरल्याचा.

"जवान, उठने को कहा है."

"जी सर. कोशिश जारी है, सर."

आत कुणीतरी हसू दाबलं. मग खुर्ची सरकली. दोघांनी धरून त्याला उभा केला असावा. आणि कर्नल साहेबांचा आवाज बदलला. डॉक्टरचा होता, तो कमांडिंग ऑफिसरचा झाला.

"नाईक गायकवाड, ये हुक्म है. तकलीफ की पूरी रिपोर्ट दो. कुछ छोड़ा तो सज़ा मिलेगी."

"रिपोर्ट, सर!"

आणि मग सुरू झालं. संत्री रात्रीच्या गस्तीची रिपोर्ट देतो, त्या चालीत. जिना उतरताना उलटा उतरतो, सर. गेटवर ड्युटीत भिंतीला पाठ लावतो, सुपरवायझर आला की सोडतो. संडासात उठताना नळ धरतो, नळ दोनदा उखडला, घरात प्लंबरचं नाव सांगितलं. विहारात वंदनेला गुडघे टेकत नाहीत, म्हणून मागं भिंतीजवळ उभा राहतो. वस्तीतले लोक म्हणतात फौजी फुगला. म्हणू देतो, सर.

नळापर्यंत वहिनी हसत होत्या. विहाराचं ऐकल्यावर त्यांनी पदर तोंडाशी घेतला. एवढी वर्षं त्या त्याच्याशी याच गोष्टीवरून भांडत होत्या, की भंतेंसमोरही ताठ उभे राहता, लाज नाही वाटत का म्हणून.

मी मात्र स्वतःवरच चरफडत होतो. अख्खी नोकरी ऑर्डरी टाईप करण्यात गेली. इथं मी लुंगी नेसून नाटकं केली, पण साधा हुकूम द्यायचं सुचलं नाही.

बोर्डानं गुडघा पुन्हा तपासला, मोजला, फोटो काढले. काही महिन्यांनी पेन्शन मंजूर झाल्याचं पत्र आलं. वहिनींनी पेढ्यांचा पहिला डबा त्या प्लंबरला दिला. गेटची ड्युटी सुटली. गायकवाड आता विहारात खुर्चीवर बसतो. खुर्चीवरही सावधानच बसतो, ते सोडा.

तेव्हापासून माझ्या टेबलावर एक शिस्त आहे. फौजी आला की आधी त्याच्या बायकोला विचारायचं, मग त्याला हुकूम द्यायचा. समजावण्यात वेळ घालवायचा नाही.

पेढे द्यायला आला तेव्हा मी त्याला एकदा विचारलंच. "अरे गायकवाड, एवढं सगळं दुखत होतं, तर इतकी वर्षं कुणा साहेबाला एक शब्द का बोलला नाहीस?"

त्यानं टाचा जुळवल्या.

"हुकूम नव्हता, साहेब."