मागच्या खोलीतले दोनशे व्होल्ट

"आईला थंडी वाजते, हे बाबांना मीटरनं सांगितलं तेव्हा पटलं."

नातीच्या साखरपुड्याच्या पंगतीत माझ्या मुलाने हे वाक्य नव्या व्याह्यांना ऐकवले. व्याही हसले. नात म्हणाली, "आजी, आपको तो प्यार भी नाप के मिला है." पंगत आणखी हसली. माझी पत्नीही हसली, तोंडाला पदर लावून. घरी आल्यावर मात्र गुडघ्यांना तेल चोळता चोळता तिने विचारले, "खरं सांगा, मीटर नसतं लावलं तर तुम्ही माझं ऐकलं असतं का?"

मला राग आला होता, आणि रागात बोललेले माझे काहीही ती खरे धरत नाही. म्हणून लिहितो.

मुलाच्या कथेत दोन चुका आहेत. लहान चूक आधी घेतो, कारण तिच्यावरच तो दुसरी उभी करतो.

आमचे घर ब्राह्मणपारा मोहल्ल्यात, एकामागे एक खोल्या असलेले. विजेची जोडणी रस्त्याकडच्या भिंतीवर. न्हाणीघर जवळ पडते म्हणून पत्नी सगळ्यात मागच्या खोलीत निजते, मी सगळ्यात पुढच्या. गेल्या हिवाळ्यात ती सांगू लागली की हीटरला पूर्वीसारखी ऊब राहिली नाही. "सळई पाहा त्याची. विटकरी होऊन राहिली, लाल होतच नाही. जीवच नाही राहिला त्याच्यात."

मुलाने हीटर उचलून पुढच्या खोलीत नेला, लावला. सळई लालबुंद झाली. "हीटर तर एकदम बढिया आहे, आई. तुलेच थंडी जास्त वाजून राहिली. वय झालं आता." मग तिला समता कॉलोनीतल्या डॉक्टरांकडे नेण्यात आले, रक्त तपासले गेले, आणि त्यात काही निघाले नाही. घरी येऊन तिने स्वेटरवर दुसरा स्वेटर चढवला आणि हीटरचे नाव काढणे सोडून दिले. भांडणाऱ्या पत्नीसोबत मी उभा संसार केला आहे. गप्प बसलेली मला सोसवत नाही.

माझी सगळी नोकरी विजेच्या कामात गेली, पण निवृत्तीनंतर व्होल्ट-अँपिअर मोजायचे मीटर मी कोणालातरी देऊन टाकले होते. पंडरी भागात राहणाऱ्या जुन्या सहकाऱ्याकडून त्याचे मागून आणले, तो रविवार होता. आणि इथे मुलाची पहिली चूक. तो सर्वांना सांगतो की "व्होल्टेज कम होतं", म्हणजे दोष बाहेरून येणाऱ्या विजेचा. मुळीच नाही. पुढच्या खोलीत दोनशे अठ्ठावीस व्होल्ट होते. हीटर मागच्या खोलीत नेऊन, चालू ठेवून मोजले तर दोनशे, आणि प्रवाह तीन पूर्णांक आठ अँपिअर. व्होल्टला अँपिअरने भागावे म्हणजे रोध मिळतो: सुमारे त्रेपन्न ओहम. दोनशे तीस व्होल्टवर हजार वॅट देणाऱ्या हीटरचा रोध एवढाच असायला हवा. तेव्हा हीटर निर्दोष. आता तेच दोन आकडे गुणावे म्हणजे शक्ती मिळते: सातशे साठ वॅट. हजाराच्या हीटरमधून तिला पाऊण हिस्साच मिळत होता.

उरलेले अठ्ठावीस व्होल्ट वाटेत पडत होते. त्यांना त्याच प्रवाहाने गुणले तर शंभराहून अधिक वॅट होतात. मी बोर्ड उघडले. जुनी, बारीक वायर, तीन ठिकाणी जोडलेली, आणि जोडांवरची टेप करपलेली. तिच्या वाट्याची ऊब भिंत खात होती. मुलाने हीटर तपासला तो भिंतीच्या अलीकडे, जिथे काही हरवतच नव्हते.

"म्हणजे आईचं खरं होतं तर," तो म्हणाला.

"खरं होतंच. मी फक्त जागा शोधून राहिलो होतो."

हे माझे वाक्य तो पंगतीत सांगत नाही. वैद्य नाडी पाहतो, ती रोगी खोटे बोलतो म्हणून नव्हे. पुढे नवी वायर ओढली गेली, सळई लाल झाली, आणि घरात कथा मात्र उरली ती मीटरची.

आता मोठी चूक. रविवारी मीटर आले. शनिवारी सकाळीच मी तिचा पलंग हीटरसकट पुढच्या खोलीत आणला होता आणि माझा मागे नेला होता. पलंगाचे दुसरे टोक मुलानेच धरले होते, त्यामुळे हा क्रम तो नाकारू शकत नाही. तो एवढेच म्हणेल की बाबांनी तेव्हा कारण वेगळे सांगितले होते. सांगितले होते. "मले पुढं झोप नाही लागत. रात्रभर गाड्यांचा आवाज. तू ये इकडं, मी जातो मागं."

"म्हातारपणी नखरे वाढून राहिले तुमचे," असे म्हणत तिने उशी उचलली. तुझ्यासाठी करतो म्हटले असते, तर ती जागची हलली नसती; स्वतःसाठी म्हणून ती आजवर साधी खिडकीजवळची जागाही घेत नाही. माझ्यावर चिडायला मिळाले म्हणून आली, आणि चिडलेल्या माणसाने त्या कारणाचा विचार केला नाही, यात तिचा दोष नाही. पण पंगतीत हसलेल्या सर्वांनी, आणि तेल चोळताना मला तो प्रश्न विचारणाऱ्या तिनेही, आता तो करावा. रोज निजताना माझ्या दोन्ही कानांतली यंत्रे काढून डबीत ठेवते ती हीच बाई, आणि ती काढली की दाराशी वाजलेला हॉर्नसुद्धा मला ऐकू येत नाही.