प्रोसेसरला लावलेलं गंध

माझ्या जावयाने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी संगणकाला वारा घालता घालता टेबलाखालून वर येत होते.

आता मी आजी आहे, गुडघे कुरकुरतात, टेबलाखाली शिरायचं म्हटलं तर बाहेर काढायला दोन माणसं लागतील. पण तेव्हा मी नुकती पन्नाशी ओलांडलेली, म्हणजे अगदीच कोवळी होते. आणि कोवळ्या वयात आपल्याला सगळं येतं असं वाटतं, तसं मलाही वाटायचं.

आमचं घर बेंगळुरात, राजाजीनगरात. ह्यांच्या आजोबांपासून चिकपेटेत कापडाचं दुकान. घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडताना दोन्ही. अंगणाबाहेर बुचाचं झाड. (इथले लोक त्याला आकाशमल्लिगे म्हणतात, आणि मला आमच्या नावापेक्षा तेच आवडतं.) दसऱ्याच्या सुमारास त्याची लांब देठांची पांढरी फुलं गिरक्या घेत खाली यायला लागली, की मी कामाची उरत नाही. हातात लाटणं असतं, तव्यावर पोळी असते आणि मी त्या फुलाबरोबर हळूहळू खाली येत असते. पोळीचा पापड होतो. ह्यांनी माझ्यासाठी एक खास हाक राखून ठेवली आहे: "कुमुद, परत ये!"

तर ती खंडेनवमी. आमच्या गावात त्या दिवशी ज्याला म्हणून एखादा स्क्रू आहे त्या सगळ्याची पूजा होते. बस, ऑटो, पिठाची गिरणी, शिवणयंत्र. आमच्याकडे दुकानातल्या कात्र्या आणि कापड मोजायचा गज आदल्या दिवशीच चकचकीत झाला होता. ह्यांच्या स्कूटरच्या चाकाखाली लिंबं ठेवून झाली होती. राहिला होता संगणक.

"त्याला नुसतं वरून पूस," रोहिणी, आमची लेक, ऑफिसला सुट्टी असल्याने केसांना तेल लावत म्हणाली. "आई, आज दुपारी तो लागणार आहे. माहितीये ना?"

माहीत नसायला काय झालं! दुपारी जर्मनीहून समीर व्हिडिओवर दिसणार होता. मूळचा बेळगावचा, तिकडे नोकरीला. रोहिणीने तोवर इतकी स्थळं नाकारली होती की मध्यस्थ आमचा फोन उचलेनासे झाले होते. एकाचं हसणं खोटं, एक नुसता पगाराबद्दल बोलतो, एकाचं तर म्हणे मनगटच आवडलं नाही! पण या समीरशी ती फोनवर बोलायची तेव्हा गच्चीवर जायची आणि खाली येताना जिन्यावर गुणगुणायची. आता एकमेकांना बघायचं आणि हो की नाही ते सांगायचं, एवढंच उरलं होतं. तिने स्वतःहून नवा कुडता आणला होता. स्वतःहून! मी तो कपाटात बघितला आणि दाराला टेकून थोडी रडले.

अशा शुभ दिवशी संगणक नुसता वरून पुसायचा? मी त्याचं झाकण उघडलं.

आत धूळ होतीच, पण मधोमध पंख्याखाली अॅल्युमिनियमची एक जाळीदार वीट होती. ती काढताना दुरुस्तीवाल्याला मी एकदा पाहिलं होतं. चार कोपऱ्यांतल्या खुंट्या फिरवल्या आणि ती हातात आली. खाली एक छोटी चौकोनी चकती, आणि दोघींच्या मध्ये काय? करडा, चिकट, वाळत आलेला मळ! शी! एवढं महागाचं यंत्र विकतात आणि कारखान्यात पुसायचंही कळत नाही?

मी वीट चिंचेने घासली. समईसारखी उजळली. उन्हात वाळवली. चकती मऊ सुती पदराने अशी पुसली की तिच्यात माझं नाक दिसायला लागलं. मग मी खिडकीशी बसले. बाहेर फुलं पडत होती, एक अगदी सावकाश, आधी डावीकडे, मग विचार बदलल्यासारखं उजवीकडे. देवघरातून ह्यांच्या गंध उगाळण्याचा आवाज येत होता, घर्र, घर्र, आणि चंदनाचा वास घरभर सांडत होता. रोहिणी नऊवारीत दिसायला लागली, तिच्यासमोर अंतरपाट, पलीकडे कुणीतरी...

"कुमुद, परत ये! पूजेला बस!"

मी परत आले ती तशीच, अर्धी. कात्र्यांना गंध लावलं, गजाला लावलं, स्कूटरच्या दिव्याला लावलं, आणि संगणकाच्या त्या चकतीलाही, चांगलं बोटभर, सहाणेवरून नुकतं उतरवलेलं गार चंदन लावलं. वर वीट बसवली. खुंट्या फिरवल्या. झाकण लावलं. हात जोडले.

दुपारी रोहिणी नवा कुडता घालून पडद्यासमोर बसली. आम्ही दोघं शेजारच्या खोलीत, दाराआड, अर्थातच काही ऐकू येऊ नये म्हणून कान दाराला लावून.

"तू फोटोपेक्षा वेगळी दिसतेस," समीर म्हणाला.

"म्हणजे वाईट?"

"नाही, म्हणजे..."

टप्! पडदा काळा.

"वीज गेली?" मी.

"पंखा फिरतोय की वर," हे म्हणाले.

रोहिणीने पुन्हा सुरू केला. समीर पुन्हा आला. "मी म्हणत होतो, वेगळी म्हणजे..." टप्!

"अण्णा! हा असा काय करतोय?" रोहिणीने ह्यांना हाक मारली.

ह्यांनी संगणकाच्या डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अगं, हा तापलाय! तव्यासारखा!"

ताप आला की काय करायचं हे मला पक्कं ठाऊक. ओल्या घड्या ठेवायच्या! ("विजेच्या वस्तूवर? कुमुद, स्वल्प डोकं चालव की!") बरं, मग वारा. झाकण काढलं, टेबलपंखा आणून लावला. पण मी तो लावला रोहिणीच्या बाजूने, त्यामुळे समीर तिसऱ्यांदा दिसला तेव्हा तिचे केस स्वप्नातल्यासारखे उडत होते. तो बघतच राहिला. मीही राहिले. किती सुंदर दिसत होती माझी पोर! तेवढ्यात पंख्याने पूजेच्या ताटातलं कुंकू उचललं आणि तिच्या तोंडावर आणून टाकलं.

"रोहिणी, तुझ्या नाकाला..."

टप्!

मग मी फ्रीजमधली गोठवलेल्या मटारांची पिशवी फडक्यात गुंडाळून डब्याला टेकवली. आणि ताडाचा पंखा घेऊन टेबलाखाली शिरले. वर बोलणं पुन्हा सुरू झालं.

आणि टेबलाखाली मला तो वास आला. गरम गरम चंदनाचा. एखाद्या जुन्या देवळाच्या गाभाऱ्यात बसावं तसं वाटायला लागलं. पंखा हलतोय, मटार गार लागतायत, वरून तरुण माणसांची कुजबुज. मी डोळे मिटले.

"एक विचारू?" समीरचा आवाज बदलला होता. "दर वेळी मी काही बोलायला गेलो की फोन कट होतो. तू स्वतः तर बंद करत नाहीस ना? तसं असेल तर सांग, मला राग नाही येणार. तुला खरंच हे लग्न..."

टप्!

 वर रोहिणीचा हुंदका. मोठा नाही, आत गिळलेला. माझी तंद्री अशी उतरली की मी ताडकन उठले आणि डोकं टेबलावर आपटलं. त्या दणक्याने म्हणा किंवा देवाच्या कृपेने म्हणा, ती रडत रडत पुन्हा बटणं दाबत होती आणि समीर दिसायला लागला, नेमका तेव्हा मी, कपाळावर टेंगूळ, हातात ताडाचा पंखा, काखेत मटार, टेबलाखालून वर आले.

"नमस्कार," मी म्हणाले. "ती बंद करत नाहीये हो. त्याला ताप आलाय."

"कुणाला?"

"संगणकाला! मी सकाळी एवढा स्वच्छ केला, तरी!"

समीर पुढे झुकला. पुढे कळलं, यंत्रं गार ठेवणं हेच त्याचं काम. "काकू, आतली पंख्याखालची अॅल्युमिनियमची जाळी काढली होतीत?"

"काढली. चिंचेने घासली."

"आणि तिच्याखाली करड्या रंगाची पेस्ट होती?"

"मळ? पुसला की!"

"काकू, तो मळ नव्हता. खालच्या चकतीची, म्हणजे प्रोसेसरची, उष्णता वर जाळीत जावी म्हणून मुद्दाम लावतात ती. आता तिथे काय आहे?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहायला लागले.

"गंध," मी म्हणाले.

"गंध म्हणजे?"

"चंदनाचं. ताजं उगाळलेलं. चंदन थंड असतं ना?"

तो हसायला लागला, असा हसला की खुर्चीवरून दिसेनासा झाला, आणि हसता हसताच, टप्!

लगेच फोन वाजला. (तेव्हा आमच्याकडे बटणांचे मोबाइल, त्यावर चेहरे दिसायचे नाहीत.) "ते गंध पुसा आणि थर्मल पेस्टची ट्यूब आणा," समीरने सांगितलं. हे ऑटोने चिकपेटेकडे निघाले. पण खंडेनवमी! पूजा आटोपून दुकानं बंद होत होती. संगणकाच्या गल्लीत ह्यांना जो तो थांबवून हातात चुरमुरे ठेवायचा. "अण्णा, प्रसाद घ्या. पेस्ट? परवा या!" शेवटी कुलूप लावणाऱ्या एकाला ह्यांनी सगळी हकीकत ऐकवली. हकीकत गंधापर्यंत पोचली तेव्हा त्याने चुरमुरे बाजूला ठेवले, कुलूप काढलं आणि गल्लीतल्या बाकीच्यांनाही ऐकायला बोलावलं. हे ट्यूब घेऊन आले आणि त्या गल्लीत तोंड दाखवायची सोय कायमची घालवून आले.

"मटाराच्या दाण्याएवढी, बरोबर मध्ये," समीर फोनवरून म्हणाला.

एवढीशी? माझ्या मनात पाल चुकचुकली. मुलगा चिकट दिसतोय! आमच्या घरात पुरणपोळीवर तूप वाढताना पोळी तुपात पोहली पाहिजे असा दंडक. मी ट्यूब उलटी केली आणि दाबणार, तोच रोहिणीने ती हिसकावली.

"आई, तू खिडकीशी जाऊन बस. फुलं बघ."

मी बसले. ती जमिनीवर मांडी घालून, फोन कान आणि खांद्यामध्ये धरून, नाकावरचं कुंकू तसंच. "हो, पुसलं... नाही, अजून वास येतोय... छान आहे वास, खरंच... लावली... आता दाबू? कुठली आधी, समोरासमोरची?" पलीकडून तो काहीतरी म्हणाला. ती खुंटी फिरवता फिरवता थांबली. बाहेर एक फूल डावीकडे गेलं, उजवीकडे आलं, आणि खाली पोचायच्या आत ती म्हणाली, "हो." मग थोड्या वेळाने, "हो म्हणजे, दोन्हीला हो. खुंटीपण बसली."

संगणक त्यानंतर संध्याकाळपर्यंत चालला. त्यांनी बघितलं किती आणि बोलले किती कोण जाणे. आम्ही खरोखरच दाराआडून उठून अंगणात गेलो होतो.

आता ती दोघं बेंगळुरात, आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात. त्यांची लेक ईरा हिने स्वतःच्या हाताने संगणक जोडलाय, एका बाजूने काचेचा, आत रंगीत दिवे फिरतात. यंदाच्या खंडेनवमीला काच काढून तिने तो पुसला आणि दाराशी रांगोळीची रेघ मारली. "आजी, पूजा तूच करायची. पण या रेघेच्या बाहेरून. गंध नाही. फक्त अक्षता, त्याही लांबून."

सरी! (म्हणजे ठीक आहे.) मी मुकाट्याने रेघेबाहेर उभी राहिले. पण ते दिवे! निळा हळूच जांभळा होतो, जांभळा विरघळून पांढरा होतो, आणि पांढरा गिरक्या घेत खाली, सावकाश, आधी डावीकडे...

"कुमुद, परत ये!"

मी दचकले आणि अक्षता सुटल्या. नेम असा की आयुष्यात पहिल्यांदा लागला. पंख्यातून खर्रर्र आवाज आला.

ईराने डोकं धरलं. समीरने डोळे मिटले आणि शांतपणे विचारलं, "आई, किती टाकल्यात? मटाराच्या दाण्याएवढ्या?"

"छे!" मी म्हणाले. "चांगली मूठभर. आमच्या घरात वाढताना हात आखडता घेत नाहीत."