निशाणामागचा सडा

माझ्या गोपिकाआत्याचं माहेर आणि सासर एकाच गावात होतं, आणि तिच्या आयुष्याची माती तिथूनच झाली असं माझं स्पष्ट मत आहे. कोराडीच्या पलीकडे सावळधरा नावाचं आमचं गाव. मधे आखर, म्हणजे गुरं जमवायची मोकळी जागा. आखराच्या एका अंगाला वरचा मोहल्ला, तिथे आम्ही निशाणे. दुसऱ्या अंगाला खालचा मोहल्ला, तिथे भोयर. आत्याचं लग्न झालं तेव्हा वरात आखर ओलांडून गेली आणि वाजंत्री गाणं बदलायच्या आत नवऱ्याच्या दारात पोचली, असं माझी आई हसून सांगायची. पुढे तिचं हसणं बंद झालं.

आमचं आडनाव निशाणे, कारण आमच्या घरात एक निशाण होतं. वितभर लोखंडी टोक असलेली काठी आणि तिला भगवं म्हणावं तर भगवं, विटकरी म्हणावं तर विटकरी असं एक त्रिकोणी कापड. पोळ्याच्या दिवशी माझे वडील रुपराव ते खांद्यावर घेऊन अख्ख्या गावातून मिरवत. सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांची फौज इंग्रजांपुढे मोडली, तेव्हा आमच्या कुण्या पणज्याने हे निशाण छातीला गुंडाळून पळवून आणलं, असं आम्हाला पाळण्यात असल्यापासून सांगितलं होतं. खालच्या मोहल्ल्यात दुसरं सांगत. तो पणजा पेंढाऱ्यांचा साथीदार होता, ह्याच निशाणामागे स्वार आले, धान्याच्या कोठ्या फोडल्या, खालचा मोहल्ला पेटवला, आणि एक बाळंतीण घरातच जळाली. म्हणून पोळ्याला निशाण दारावरून गेलं की खालच्या मोहल्ल्यातल्या बाया लगेच बादली घेऊन बाहेर येत आणि निशाणाच्या वाटेवर शेणाचा सडा टाकत. प्रेत गेल्यावर टाकतात तसा. वडील मागे वळून पाहत नसत, पण त्यांची मान लाल झालेली आम्हाला दिसे.

आता आत्याचं पाहा. आमच्या घरची रीत अशी की निशाण फाटलं तर ते लेकीनेच शिवायचं, आणि ठिगळही तिने आपल्याच लुगड्याचं लावायचं. म्हणून पोळ्याच्या सकाळी ती माहेरी येई, ओसरीवर बसून निशाण शिवी, आईच्या हातची पुरणपोळी खाई. आणि दुपार कलली की सासरी जाऊन सासूच्या, कौसल्याबाईंच्या, शेजारी बादली घेऊन उभी राही. सकाळी जे शिवलं त्याच्याच मागे सडा. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "दोनी घरचं खाते वं पोरी. दोनी घरचं करा लागते."

तिचा नवरा शालिकराम भोयर माणूस म्हणून चांगला होता, पण जिभेला हाड नव्हतं. आमच्याकडे पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या म्हणतात. एकाने दोन ओळी जुळवून दुसऱ्याला चिमटा काढायचा, लोकांनी 'हर हर महादेव' ओरडायचं, मग दुसऱ्याने उलट झडती टाकायची. शालिकरामाची झडती ऐकायला खापरखेड्याहून माणसं येत. आमचे वडीलही काही मुके नव्हते. मेव्हणा-मेव्हणा दरवर्षी एकमेकांची उणीदुणी काढायचे आणि संध्याकाळी एकाच ताटात जेवायचे. आत्या दोघांना वाढायची आणि दोघांनाही शिव्या द्यायची. तिच्या सुखाचे दिवस कुठले म्हणाल तर हेच.

मग ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली. कोराडीला पावर स्टेशन यायच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट. इमारतीवर तिरंग्याच्या खालच्या बाजूला गावचं जुनं निशाण कायमचं लावावं, असं वरच्या मोहल्ल्याने काढलं. खालचा मोहल्ला म्हणाला, लावून तर पाहा. मारुतीच्या पारावर सभा बोलावली. आम्ही नागपूरहून एक प्रोफेसर आणला, त्यांनी दुसरा आणला. आमचा म्हणाला हे स्वातंत्र्याचं चिन्ह आहे, त्यांचा म्हणाला हे लुटीचं चिन्ह आहे. टाळ्या दोघांना पडल्या. मग दोघंही चहा पिऊन एकाच जीपमधून नागपूरला गेले आणि भांडण आमच्या गावात ठेवून गेले. मला त्या दोघांचा अजून राग येतो. त्या सभेनंतर खालच्या विहिरीत मेलेलं कुत्रं सापडलं, आमच्या गंजीला आग लागली, आणि शालिकराम आमच्याकडे जेवायला यायचा बंद झाला.

त्या वर्षीच्या पोळ्याच्या सकाळी आत्या आली तेव्हा वडील अंगणातल्या दगडावर निशाणाच्या काठीचं टोक घासत होते. टोकाला धार आली होती.

"काय करून राहिला गा दादा?"

"जंग काढून राहिलो."

"जंग काढाले इतकं घासा लागते?"

वडिलांनी काठीवरचं कापड सोडून तिच्याकडे टाकलं. आत्याने निशाण मांडीवर घेतलं. आदल्या वर्षीचं ठिगळ उसवलं होतं. तिने आपल्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडला आणि शिवू लागली. शिवता शिवता आईला हळूच म्हणाली, "वैनी, तिकडं माह्या मालकानं तुतारीचा खिळा बदलला. लांब खिळा ठोकला." तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी, तिच्या टोकाला खिळा असतो. आई घाबरून तिच्याकडे पाहत राहिली. आत्या उठली, पुरणपोळीला हात न लावता निघाली, आणि सासरी न जाता तडक पोलीस चौकीवर गेली. आपल्या दोन्ही माणसांना वाचवायला एक बाई एकटी पायी चालत गेली, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन, कारण पुढे लोकांनी भलतंच सांगितलं.

चौकीवरचा हवालदार साताऱ्याकडचा, नवा. त्याने बैलांचा सण पाहिला होता, पण त्यांच्याकडचा बेंदूर. आत्या धापा टाकत म्हणाली, "सायेब, आज सावळधऱ्यात झडती हाय. तिच्यातून खून पडन. तुमी या."

"कुणाची झडती?"

"माह्या मालकाची. शालिकराम भोयर. खालचा मोहल्ला."

"हत्यार आहे?"

"हाय ना. म्हणून तं आली."

हवालदार म्हणाला, "तुम्ही जा ताई, आम्ही येतो." आत्याला हायसं वाटलं. आमच्याकडे झडती म्हणजे पोळ्याची कविता. पोलीसही झडती म्हणतात, हे तिला त्या घाईत कुठून सुचणार? आणि झडतीला कविता म्हणतात, हे त्या साताऱ्याच्या माणसाला कोण सांगणार?

आखरावर बैल उभे होते. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली, वर आंब्याच्या पानांचं तोरण. वडील निशाण घेऊन मधे उभे राहिले आणि त्यांनी झडती टाकली:

"वरच्या घरी निशाण, खालच्या घरी भुसा,
निशाण पाहून लपते जसा बिळामंदी ससा!"

हर हर महादेव झालं. शालिकराम पुढे आला. तुतारी त्याच्या हातात होती.

"निशाण म्हणे भोसल्याचं, काठी कोणाच्या बापाची?
कोठी फोडून पळाला तो, पायली भरली पापाची!"

खालच्या मोहल्ल्याने आखर दणाणून सोडलं. वडिलांनी दात चावले, पण उलट झडती जुळवायला लागले. ओठ हलताना मी पाहिले. अजून सगळं बोलण्यातच होतं. तेवढ्यात खालच्या मोहल्ल्यातून शालिकरामचा शेजारी देवाजी पळत आला आणि ओरडला, "शालिकराम, तुह्या घराची झडती होऊन राहिली!"

लोक हसले. घराची झडती म्हणजे आता हा कुठली कविता म्हणतो, असं वाटलं सगळ्यांना. देवाजी रडायच्या बेताला आला. "पोलिसाची झडती! कोठ्या उलथ्या केल्या, गहू अंगणात सांडला. तुह्या मायले ढकललं, तिचं डोकं उंबऱ्याले लागलं!"

शालिकरामने वडिलांकडे पाहिलं. पंचायत, सभा, जळालेली गंजी, कुत्रं, सगळं त्याच्या तोंडावर एकदम आलं. "पोलीस धाडले माह्या घरी? पुन्हा कोठ्या फोडल्या तुमी?" एवढंच म्हणाला आणि तुतारी फिरवली. खिळ्याने वडिलांचा कान फाडून गालापर्यंत चीर पाडली. वडिलांनी काठी आडवी धरली नाही, मागे सरले नाहीत. काठीचं टोक पुढे करून सगळ्या अंगानिशी त्याच्यावर गेले. टोक पोटात शिरलं, आणि जोर इतका की कापडही आत गेलं. शालिकरामने दोन्ही हातांनी निशाण धरलं, बाहेर ओढायला धरलं की आधाराला, कुणास ठाऊक, आणि तो गुडघ्यावर बसला.

मग कोणी कोणाला मारलं ह्याला हिशेब नाही. तुताऱ्या, दगड, बैलांच्या गळ्यातल्या साखळ्या. बैल बिथरले, माणसांवरून धावले. एक म्हातारा त्यांच्या पायाखाली गेला, त्याची बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. वडील रक्ताने भरलेला गाल धरून 'निशाण, निशाण' करत होते. आत्या त्या गर्दीतून वाकून वाकून आली, तिच्या पाठीवर काठ्या पडल्या, आणि तिने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. सकाळी त्याच मांडीवर निशाण होतं. शालिकराम तिला म्हणाला, "तुह्या भावानं पोलीस काहून धाडले वं?" तिने खरं सांगितलं. "म्या बलावले." ते त्याला ऐकू गेलं का, हे तिला मरेपर्यंत कळलं नाही.

खटला नागपूरला चालला. खालच्या मोहल्ल्याने आत्याला बजावलं, रुपरावानेच आधी वार केला असं सांग, फाशी होऊ दे. आमच्या लोकांनी बजावलं, पोलीस तू बोलावले हे सांगू नको, निशाण्यांची बेअब्रू होते. ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि दोन्ही मोहल्ल्यांना पुरून उरली. "आधी हात माह्या मालकानं उचलला. जीव माह्या भावानं घेतला. अन पोलीस मी आणले." वडिलांची फाशी टळली, लांबची सक्तमजुरी झाली. कौसल्याबाईंनी तिचं गाठोडं आखरावर फेकलं. आमच्या घरी यायला आईने हात धरला तर तो सोडवून घेऊन ती म्हणाली, "मारणाऱ्याच्या घरी कशी राहू वं वैनी?"

अपिलं संपली तेव्हा त्या निशाणावर दोन वकील उभे राहिले. आमचा म्हणे घराण्याची वस्तू आहे. त्यांचा म्हणे शालिकरामच्या रक्ताची आहे, गावाला मिळावी. दोन्ही मोहल्ल्यांना ते दरवर्षी मिरवायचंच होतं. जज्जसाहेबांनी आत्याला ओळख पटवायला सांगितली. तिने वाळलेल्या रक्ताने कडक झालेलं कापड टेबलावर पसरलं. "हे हिरवं माह्या लुगड्याचं. हे माह्या आत्याच्या लुगड्याचं. हे जांभळं तिच्या आत्याचं. हे तिच्याबी आत्याचं. सायेब, याच्यात भोसल्याचं कापड असन तं दाखवा. दोरा सुदिक नाही." कायद्यात काय बसलं मला समजत नाही, पण कापड तिला मिळालं.

पुढच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली. आमच्याकडे त्या दिवशी रोगराई, ईडापीडा सगळी मारबतीच्या पुतळ्याबरोबर गावाबाहेर नेऊन जाळतात. आत्या निशाण घेऊन मिरवणुकीत शिरली आणि शिवेवर पुतळा पेटला तसं तिने ते त्यात टाकलं. "निशाणं, खून, घेऊन जाय गे मारबत!" तिचा आवाज चिरका होता. मग दगड सुरू झाले. वरच्या मोहल्ल्याचेही, खालच्या मोहल्ल्याचेही. माझ्या जन्मात दोन्ही मोहल्ले एकाच बाजूला उभे राहिलेले मी तेवढे एकदाच पाहिले. तिचा गुडघा फुटला. ती लंगडी झाली ती कायमची.

पावर स्टेशन आलं तेव्हा ती कोराडीच्या कॉलनीमागे झोपडी बांधून राहिली. एक म्हैस पाळली, कॉलनीत दूध घालायची. राख सगळ्यावर पडायची, भाकरीवर, म्हशीच्या पाठीवर. मी तिच्याकडे जायची. शालिकरामच्या झडत्या तिला सगळ्या पाठ होत्या. एकदा म्हणाली, "तुह्या बापाले सुटू दे. त्यानं येऊन माह्या मालकाचं नाव एक डाव घेतलं ना, मी त्याले जेवाले वाढीन." ती त्याचीच वाट पाहत होती. वर्षानुवर्षं, दुसरं काही नाही.

वडील सुटले. केस पिकलेले, कान अर्धा. मीच त्यांना बसमधून तिच्याकडे घेऊन गेले. आत्याने अंगणात घोंगडी टाकली, लोटाभर पाणी दिलं. चुलीवर पुरण होतं. मला वास आला तसं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वडील पाणी प्यायले, त्यांनी तोंड पुसलं आणि विचारलं, "निशाण जाळलं मणे तू?"

आत्या वाट पाहत राहिली.

"दीडशे वर्षाचं निशाण होतं. काहून जाळलं वं? माह्या हातानं दुसरं करीन मी."

ते उठले. आत्याने चुलीवरचं पुरण उतरवलं. ते रस्त्याला लागले, कोळशाच्या ट्रकांच्या धुरळ्यात वळणापर्यंत दिसत राहिले. मग आत्या लंगडत म्हशीकडे गेली, शेण उचललं, बादलीत कालवलं, आणि दारापासून रस्त्यापर्यंत त्यांच्या पावलांवर सडा टाकत गेली. रस्त्याच्या काठाला बादली संपली. मी नळावर गेले आणि तिला दुसरी भरून आणून दिली.