कडेच्या पेशींची हाक

नवरा गेला आणि तेरावा उरकताच काकू कामावर हजर झाल्या. एका प्रयोगशाळेतल्या माशांची देखभाल त्यांच्याकडे होती. बोटाच्या पेराएवढे पट्टेरी मासे, भिंतभर रचलेल्या टाक्या. नळीने तळचा गाळ ओढायचा, खाणं टाकायचं, मेलेला मासा जाळीने उचलायचा.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. "माशांचं जेवण कधी चुकत नाही, आमची भाजी मात्र करपते," असं चिडवायचा. एका दुपारी कामावर हात धुताना तो बेसिनपाशीच कोसळला आणि सगळं आटोपलं.

काकू रडल्या नाहीत. लोक आधी म्हणाले, धीराची बाई आहे. मग म्हणाले, काळीज दगडाचं आहे. काकूंना यातलं काहीच लागलं नाही. चहा गरम आहे की गार, हेही त्यांना पिऊन झाल्यावर सांगता आलं नसतं.

खालच्या मजल्यावर राहणारी नणंद रोज संध्याकाळी दाराशी यायची.

"वहिनी, काही हवंय का?"

"काही नको हो वन्सं."

ती उगाच जरा घुटमळायची आणि जिना उतरून जायची.

एक दिवस एका टाकीची कड तडकली होती, तिच्यावर काकूंचा तळवा कापला. त्या गाळ ओढतच राहिल्या. बादलीतलं पाणी लाल झालेलं पलीकडच्या टेबलावरून मॅडमनी पाहिलं. मॅडम म्हणजे माशांच्या जखमांवर संशोधन करणारी तरुण बाई.

"अहो काकू! रक्त बघा किती!"

"हो का," काकू म्हणाल्या.

मॅडमनी जखम धुतली, पट्टी बांधली, त्यांना जबरदस्तीने खुर्चीत बसवलं. "दुखत नाही?"

"नाही."

मॅडमनी पट्टीचं टोक दाबून बसवलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा पडदा काकूंकडे वळवला. भूल दिलेलं माशाचं एक पिल्लू होतं, शेपटीचं टोक कापलेलं. कापल्या कडेपासून एक उजेड हळूहळू आत पसरत होता.

"ते हायड्रोजन पेरॉक्साइड. आम्ही रंगाने दिसेल असं केलंय."

"जखमेवर फेसाळतं ते? बाटलीतलं?"

"तेच. कडेच्या पेशी स्वतः बनवतात, अगदी किंचित. पेशीच्या पडद्यात एक विकर असतं, एन्झाइम म्हणतात ते. जखम झाली की पेशीत कॅल्शियम वाढतं, विकर कामाला लागतं, ऑक्सिजनपासून हे बनवतं आणि बाहेर सोडतं. ते पसरत जातं. ते बघा, पांढऱ्या पेशी निघाल्या."

ठिपके खरंच शेपटीकडे सरकत होते.

"आणि ते बनलंच नाही तर?"

मॅडमनी दुसरं पिल्लू दाखवलं. त्याचं विकर औषधाने बंद केलं होतं. शेपटी तशीच कापलेली, पण उजेड नव्हता. ठिपके होते, आपापल्या जागी फिरत होते. जखमेकडे फारसं कुणी वळत नव्हतं.

काकूंनी आपल्या पट्टीकडे पाहिलं.

"माझ्या हातात?"

"तुमच्याही हातात असंच काहीसं चाललं असेल. तुम्हाला दुखो वा न दुखो, पेशी काही विचारायला थांबत नाहीत."

"बरं," काकू म्हणाल्या आणि उरलेल्या टाक्यांना खाणं घालायला उठल्या.

संध्याकाळी नणंद आली. पट्टी बघून तिचा चेहरा उतरला. "हे काय झालं? काही हवंय का वहिनी?"

काकूंच्या तोंडात "काही नको" आलंच होतं.

"आत या," त्या म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं, किराणा सांगावा तसा. "बसा थोडा वेळ. मला एकटीला जमत नाहीये."

नणंद आत आली, पलंगावर बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. तिचा तर भाऊ गेला होता; हे काकूंच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांना अजूनही रडू येत नव्हतं. त्या नणंदेशेजारी बसल्या. चांगला हात तिच्या पाठीवर ठेवला. अंधार पडला तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही.