आधी प्रश्न बैलाला सांगायचा

फाटा अजून लांब होता आणि शहादेवमामा पुन्हा बसले. बाभळीच्या बुडाशी, पाय लांब करून. मंजुळानं हातातली पिशवी त्यांच्याजवळ ठेवली. पाण्याचा टँकर नुकताच गेला होता, त्याचा फुफाटा दोघांच्या पापण्यांवर बसला होता. सरूबाई बोचकं डोक्यावर घेऊन केव्हाच पुढं निघून गेल्या होत्या. मागून येणाऱ्या नवऱ्यासाठी, मामांसाठी, एसटी थांबवून धरायची होती.

"बघ कशी पळती," मामा म्हणाले. "तरणेपणी एवढी पळली असती तर शर्यत जिकली असती."

"मामींना काळजी हाय म्हणून पळत्यात."

"तेच तर दुखणं हाय."

मंजुळा नर्सिंगला शिकत होती, म्हणून औरंगाबादच्या दवाखान्यात ती सोबत निघाली होती. ती शिकली त्यात मामांचाच वाटा मोठा. सोसायटीच्या चारा छावणीत मामा वजनकाट्यावर होते. त्या दुष्काळात गावोगावची जनावरं छावणीत दावणीला आली, जनावरांमागं माणसं आली, आणि पोरंपोरी पुस्तकं घेऊन तिथंच वैरणीच्या गंजीला टेकून बसू लागली. मामा कधीकाळी वकिलीच्या वर्गात बसलेले, पण ते शिक्षण अर्ध्यावर राहिलं. का राहिलं असं कुणी विचारलं की म्हणायचे, "सवाल चांगलाय, जवाब लांबडा हाय."

अडलेल्याला ते कधी माघारी लावत नसत. पण उत्तरही सांगत नसत. त्यांची रीत एकच. आधी प्रश्न दावणीच्या बैलाला सांगायचा, घरच्या बोलीत.

"बैलाला काय कळतंय, मामा?" मंजुळा पहिल्या दिवशी हसली होती.

"त्याला काय बी कळत न्हाई. पण त्याच्यापुढं पुस्तकी बोलायची आपल्यालाच लाज वाटती."

छावणीत अभ्यासाला बसणाऱ्या साखराला कवितेतली विरहभावना स्पष्ट करायची होती. ती बैलापुढं उभी राहून म्हणाली, "ह्या बाईचा माणूस गेलाय, आन् ही रोज दोघांचं जेवण रांधती." म्हणून झाल्याबरोबर तिनं वही उघडली. मग उत्तर लिहायला तिला कुणाची गरज पडली नाही. कायदा शिकणाऱ्या भगवानला संमतीचा प्रश्न आला. त्यानं बैलाला विचारलं, "नुस्तं हो म्हणणं आन् समजून हो म्हणणं, ह्यात फरक काय बे?" बैलानं मान हलवली. सगळी छावणी हसली, मामा सगळ्यांत जास्त.

आणि एका दुपारी मंजुळाचा प्रश्न आला. मूत्रपिंड निकामी झाल्यास शरीरात दिसणारे बदल लिहा. तिनं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "अंगातली गाळणी बंद पडली तर माणूस कसा दिसंल?" आणि लगेच बोटांवर मोजत सांगू लागली. तोंड सुजंल. जेवण नको वाटंल. धाप लागंल. पाय सुजतील, चप्पल बसायची न्हाई.

मामांनी खाली आपल्या पायांकडं पाहिलं. चपलेचा पट्टा त्यांनी आदल्याच आठवड्यात कापून सैल केला होता. तिनंही पाहिलं. दुमडलेली बोटं तशीच राहिली.

"बरोबर हाय तुझं," मामा म्हणाले आणि काट्याकडं निघून गेले.

पुढं दवाखाना, तपासण्या. डॉक्टर म्हणाले, बायकोचं एक मूत्रपिंड जुळतं का बघू. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत सरूबाई म्हणाल्या, "हो, घ्या की." आपल्याकडच्या बायका दवाखान्यात अशाच हो म्हणतात. डॉक्टर विचारतोय काय, ते पुढं मागं कळतं. आज जायचं ते त्याच कामासाठी.

बाभळीखाली मामांचा दम जरा बसला.

"तू शनीला साकडं घातलंस म्हणं माझ्यासाठी?"

"घातलंय. तुमी मानत न्हाई, पर मी मानते."

"घाल बापडे. पण प्रश्न नीट सांगितलास ना त्याला? न्हाईतर भलतंच उत्तर द्यायचा."

ती हसली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावावा लागला. मनातल्या मनात तिनं देवाचं नाव घेतलं. लांब फाट्यावर सरूबाई दोन्ही हात हलवून बोलवत होत्या. एसटी दिसली असावी.

मामा उठायला लागले. तिनं हात दिला. हात सोडायच्या आधी ते म्हणाले,

"मंजुळे, माझं एक काम कर. तिथं गेल्यावर सरूला बाजूला घे. डॉक्टर काय मागतोय ते तिला आपल्या बोलीत सांग. कुठं चिरणार, तिच्यात काय उरणार, उद्या ती बी आजारली तर काय, समदं सांग. मी जगंन का, ह्याची बी खात्री न्हाई, ते सांग. आन् उत्तर सुचवू नको."

"आन् त्या न्हाई म्हणल्या तर?" तिनं विचारलं.

"तर तिला दुसऱ्यांदा विचारू नको. आन् माझ्या पाठीमागं दुसऱ्या कुणाला बी तिला विचारू देऊ नको."