बाबा जिना कसे चढतात

आमच्या गुढ़ियारीच्या डॉक्टरच्या टेबलाखाली कायम चिखलाचे बूट राहत. सकाळी उजाडलं की ते सायकलवर खारून नदीकडं जात, पाखरं पाहत आणि तिथूनच दवाखान्यात येऊन बसत. खेड्यातला पेशंट आला की नाडी धरायच्या आधी विचारत, "तुँहर तरिया म बदक आ गे का?" तरिया म्हणजे तलाव. पेशंट म्हणे, "हव, आ गे हे." मग किती आले, कोणत्या रंगाचे, हे सगळं झाल्यावर खोकल्याचा नंबर लागे.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाले होती. मले एकच काम धड येत होतं, नकला करणं. भाजीवाली दीदी, आमच्या हिंदीच्या मॅडम, कोणाले सोडलं नाही. डॉक्टरच्या नकलेची तर फर्माईश राहे. जीभ दाखवा म्हणायचं, आणि जीभ सोडून खिडकीतला कावळा पाह्यचा.

रविवारी डॉक्टर पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, चार-सहा लोकांले नदीवर फिराले नेत. मीही जाये, पाखरांसाठी नाही, चहा-भज्यांसाठी. एका रविवारी टपरीवर कोणी तरी म्हटलं, डॉक्टरसमोर डॉक्टर करून दाखव. मी केला. त्यांनी पूर्ण पाह्यला आणि म्हणाले, "बरा आहे. पण मी उजवा खांदा उचलतो, डावा नाही. आता घरचं कोणी कर."

मी बाबा केले. बाबा रेल्वेत, मालगाडीच्या यार्डात होते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. हातात थैली घेऊन बाबा जिना चढतात, वळणावर थांबतात, शेजारच्या गच्चीवर पाहतात, छातीवर मूठ दाबून खिशातला पेन शोधल्यासारखं करतात आणि म्हणतात, "चादर वाळली वाटते त्यांची." मग पुढं चढतात.

सगळे हसले. डॉक्टर नाही हसले.

"पुन्हा कर."

मी पुन्हा केलं.

"दरवेळेस तिथंच थांबतात?"

"हव."

"मूठच? का पंजा?"

"मूठच. माही नक्कल चुकत नाही."

"उतरताना?"

"उतरताना काहून थांबतील? सरळ येतात."

त्यांनी दुर्बीण पिशवीत टाकली. भजे आत्ताच कढईत पडले होते. ते म्हणाले, "चल, तुह्या घरी."

बाबा पेपर वाचून राहिले होते. डॉक्टर त्यांले खाली घेऊन आले आणि म्हणाले, "भाऊ, आता चढा. मी मागं आहो." बाबा हसत हसत चढले. वळणावर थांबले. गच्चीकडं पाह्यलं.

"वाळली का चादर?" डॉक्टरनं खालून विचारलं.

बाबांनी डॉक्टरकडं नाही, माह्याकडं पाह्यलं.

घरात सगळ्यांले ते छातीचं दुखणं गॅस म्हणून सांगत होते. ओवा खात. खरं कारण मग निघालं. रेल्वेच्या मेडिकलमध्ये फेल झाले की यार्ड सुटते, म्हणून ते रेल्वेच्या डॉक्टरकडं जात नव्हते. आमच्या डॉक्टरलेही लपवलं होतं.

"साहेब, जन्म यार्डात गेला. आता टेबलावर बसू का, फायली चाळत?"

"बसा ना. भिंतीवर फोटोत बसण्यापेक्षा बरं."

त्याच दिवशी ईसीजी काढला आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं. दोन नसा बंद निघाल्या. छल्ले, म्हणजे स्टेंट, टाकले. बाबा वाचले. यार्ड सुटलं, टेबल मिळालं, आणि पंधरा दिवस ते माह्याशी बोलले नाही. आईले सांगत, "त्या नकलचीले म्हण, पाणी आण."

मी डॉक्टरले विचारलं, तुम्हाले समजलं कसं? ते म्हणाले, "पाखरू काही येऊन सांगत नाही, मले दुखते म्हणून. रोजची फांदी सोडून भलतीकडं बसलं, की आपण पाह्यचं. तू तर माह्यापेक्षा बारीक पाह्यलं होतं. पाह्यलं आणि हसली." रागावून नाही बोलले. रागावले असते तर मी त्याचीही नक्कल करून मोकळी झाली असती. जाताना एक काम देऊन गेले. बाबा फिरताना थांबले की पहिले झाडावर पाह्यचं, पाखरू आहे का. मग बाबांकडं.

डॉक्टर मागच्या हिवाळ्यात गेले. बाबा आता रिटायर आहेत आणि मी रोज सकाळी त्यांच्यासोबत नदीवर जाते. इतक्या वर्षांत मी इतके झाडं पाह्यले की दोन-चार पाखरांची नावंही पाठ झाली.

परवा घाटाच्या चढावर ते थांबले. मी बाभळीकडं पाह्यलं. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "काही नाही तिथं. छाती भरून आली. बसू."

बसलो. तिथूनच ऑटो करून नव्या डॉक्टरकडं गेलो. पोट्टा हुशार आहे, माह्याच वयाचा. त्यानं मले हिंदीत विचारलं, दर्द कैसा होता है, कहाँ होता है. मी खुर्चीवरून उठली, थैली घेतली, दोन पावलं चढली, थांबली, छातीवर मूठ दाबली. तो लिहाले लागला.

पलंगावरून बाबा म्हणाले, "मूठ उजवी होती. नीट करून दाखव."