हात आणि कागद

आता माझ्याच तोंडाने माझी फजिती सांगायची म्हणजे… बरं, चहा गार व्हायच्या आत ऐका!

मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. गेले सहा महिने मोबाईलवर जपानी शिकतोय. का? अहो, हौस! ते अ‍ॅप इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी बनवलेलं. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, म्हणून ती माणसं रडकुंडीला येतात म्हणे. आपली मराठी तरी दुसरं काय करते? मला वाटायला लागलं, जपान म्हणजे रत्नागिरीच्या जरा पलीकडे!

अशात नवीन प्रेस मशीन बसवायला चीनहून ली साहेब आले. साठीचे, एकदम शांत. सोबत दुभाषी सिल्विया, इथल्या डोंगरी गावची पोरगी. नोकरीसाठी चार वर्षं चीनमध्ये राहून आलेली, जपानीही थोडी शिकलेली.

एका दुपारी सिल्विया जेवायला गेली आणि ली साहेबांच्या नावाचं पाकीट आलं. घरचं पत्र! आठवडाभर ते रोज त्याबद्दल विचारत होते.

आता पाकीट सरळ हातात दिलं असतं तर? दोन सेकंदांचं काम! पण मग माझं जपानी कोणाला दिसणार?

मशीनवरच्या यादवला म्हटलं, "देख, जापानी और चीनी के अक्षर सेम होते हैं. एक सीखो, दूसरी फ्री!"

पाकीट पाठीमागे लपवलं. कोऱ्या कागदावर दोन ठसठशीत अक्षरं काढली. पहिलं 'हात', दुसरं 'कागद'. हात-कागद म्हणजे जपानीत पत्र! भुवया नाचवत कागद पुढे धरला.

ली साहेबांनी वाचलं. माझ्याकडे बघितलं. मग पाठीमागे गेलेल्या माझ्या हाताकडे बघितलं. चेहऱ्यावर असा कळवळा आला म्हणून सांगू! बॅग उघडली आणि दोन्ही हातांनी, आदराने, मला टॉयलेट पेपरचा रोल दिला.

मला वाटलं, त्यांच्यात पत्र घ्यायच्या आधी हात पुसत असतील! मी जोरात मान हलवली आणि अक्षरांवर बोट आपटलं. त्यांनी दुसरा रोल काढला.

"सावंतजी, अर्जंट है क्या?" यादव ओरडला.

ली साहेबांनी माझा दंड धरला आणि माणसं बाजूला करत मला थेट संडासाकडे चालवलं! सेठ केबिनमधून बाहेर. "क्या हुआ?" ली साहेबांनी स्वतःच्या पोटावर हात फिरवून दाखवला.

"अरे, तो घर जाओ ना!" सेठ म्हणाले.

तेवढ्यात सिल्विया आली. माझा कागद वाचला आणि मटकन स्टुलावर बसली. हसू आवरेना.

"काका, जपानीत हे पत्र असंल! चिनीत न्हाय! चिनीत हा संडासचा कागद हाय!"

मी गुपचूप पाकीट पुढे केलं. आत त्यांच्या नातीचं पत्र. ली साहेब तिथेच उभे राहून मोठ्याने वाचू लागले. काय सांगू! आवाज चढतोय, उतरतोय, मध्येच वळतोय.

सिल्विया कुजबुजली, "चिनीत एकच 'मा', काका. सूर सपाट धरला तर आई, खाली नेऊन उचलला तर घोडा. व्याकरण सोपं, पण कान पायजे. जपानी बोलायला सोपी, तर वाचताना एकेका अक्षराचे पाच-सहा उच्चार."

"मग कठीण कुठली?"

"इंग्रजीवाल्याला जपानी, वाक्य उलटं बांधायला लागतं म्हणून. आपल्याला चिनी. पण सोपी कुठलीच न्हाय!"

आणि ही पोरगी त्या भाषेत भांडते, हसते, मशीनचे नटबोल्ट समजावून सांगते! मी तिच्याकडे बघतच राहिलो. घोडा न होता आई म्हणायला हिला किती दिवस लागले असतील?

ली साहेबांनी डोळे पुसले, पत्राची घडी खिशात ठेवली. मग माझा कागद उचलून बराच वेळ बघितला आणि सिल्वियाला काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतायत?" मी घाबरत विचारलं.

"काका, ते म्हणतात, तुमचं अक्षर फार सुंदर हाय. इतके देश फिरले, पण इतक्या सुंदर अक्षरात संडासचा कागद आजवर कुणी मागितला न्हाय!"